चौथं अक्षर

१

टाळ्या वाजून झाल्या, अपेक्षाच्या गळ्यात हार पडला, फोटोसाठी सगळे एका रांगेत उभे राहिले, आणि नेमका तेव्हाच बोरीच्या परमेश्वर सरांनी हात वर केला.

"फोटो जरा थांबवा. माझी एक तक्रार आहे."

ताडकळसच्या बुद्धविहाराला लागून जी अभ्यासिका आहे, तिच्या हॉलमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिन्यातला उकाडा आणि वर दोनच पंखे. नऊ गावांची मुलं, त्यांचे शिक्षक, आईबाप असे सगळे 'लंबाचौडा'ची अंतिम फेरी बघायला आले होते. स्पर्धेचं कागदावरचं नाव निराळं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. खेळ साधा होता. पत्र्याच्या एका उंच डब्यात इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांचे लाकडी ठोकळे असत. पाहुण्यानं डोळ्यांवर दस्ती बांधून त्यातले तीन काढायचे. ती तिन्ही अक्षरं ज्यात आहेत, मग कुठेही आणि कुठल्याही क्रमानं असोत, असा जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचा. शिट्टी वाजेपर्यंत ज्याचा शब्द लांब, तो जिंकला.

बक्षीस मात्र साधं नव्हतं. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलींपैकी जी जिंकेल, तिची अकरावी-बारावी सायन्सची दोन वर्षं परभणीच्या एका वसतिगृहात राहण्या-जेवणाची सोय व्हायची. जागा एकच.

आज पी, एच आणि वाय ही अक्षरं निघाली होती. बोरीच्या निकितानं 'फोटोसिंथेसिस' लिहिलं, चौदा अक्षरं. ताडकळसच्या अपेक्षानं अक्षरं निघताच खडू टेकवला आणि न थांबता 'फोटोसिंथेटिकली' लिहून मोकळी झाली. अठरा अक्षरं. लोकांनी श्वास सोडायच्या आत निकाल लागला होता.

"सकाळी पाण्याच्या टाकीवर ही मुलगी एकटीच शब्द पाठ करत होती," परमेश्वर सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेला. "आमची निकिता मागं उभी होती. तिनं ऐकलेल्या एकूण एक शब्दात पी होता, एच होता आणि वाय होता. तेव्हा डबा उघडलासुद्धा नव्हता. आता हे कसं झालं, एवढं मला कुणीतरी समजावून सांगा."

अपेक्षानं गळ्यातला हार काढला आणि टेबलावर ठेवला.

अभ्यासिका चालवणारे नागसेन सर, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, खुर्चीतून उठले. "तक्रार आली म्हणजे चौकशी होणार. वसतिगृहाला नाव उद्या संध्याकाळी कळवायचंय. उद्या दुपारी इथंच निकाल सांगू. चौकशी रेणुका करेल. परमेश्वर सर, चालेल?"

परमेश्वर सरांनी मान हलवली. रेणुका बोरीची. आठवी ते दहावी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. पुढे तिनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, गेल्या हिवाळ्यापासून ती ताडकळसच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसत होती. दोन्हीकडची, म्हणून दोघांनाही चालण्यासारखी.

गर्दी पांगल्यावर नागसेन सरांनी तिला कोपऱ्यात नेलं.

"तुला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. डबा कपाटात असतो. कपाटाच्या चाव्या दोन. एक माझ्याकडे."

"आणि दुसरी?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "सकाळी अभ्यासिका उघडायचं काम अपेक्षाकडं आहे."

२

निकिता बसस्टँडवर बाकड्यावर बसली होती. परमेश्वर सर रसवंतीकडे गेले होते. रेणुका शेजारी टेकली.

"मॅडम, मी खोटं न्हाई बोलले."

"तू खोटं बोललीस असं मी कुठं म्हटलं? मला फक्त नीट सांग. काय काय ऐकलंस?"

"तोंड धुवायलते मी. ती टाकीच्या पलीकडं डोळे मिटून उभी. पुटपुटायलती. मला वाटलं प्रार्थना म्हणायली." निकिता हसली आणि लगेच गंभीर झाली. "मग 'सायकोपॅथॉलॉजी' ऐकू आलं. म्हणलं, ही कुठली प्रार्थना?"

"आणखी?"

"'फोटोग्राफिकली'. 'फिलॉसॉफिकली'. सगळ्याच्या शेवटी कली, कली. आणि ते फळ्यावर लिहिलेलं, 'फोटोसिंथेटिकली'. तेच तेच चार घोळवायलती. मी तर भिऊनच गेले. मला एवढे लांब येतच न्हाईत."

"पाठ कसे राहिले तुझ्या?"

"मॅडम, समोरची पोरगी असं म्हणायली म्हणल्यावर पाठ राहनार न्हाई तर काय?" निकितानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला तिचं वाईट व्हावं असं न्हाई वाटत. पण मलाबी जायचंय परभणीला. घरचे म्हणायलेत, जागा मिळाली तर जा, न्हाई मिळाली तर हितंच आर्ट्स कर."

बोरीची गाडी लागली. परमेश्वर सर हातातला ग्लास तसाच ठेवून लगबगीनं आले. "बाळ, मला त्या पोरीचं काही उट्टं काढायचं नाही. पण शक मनात ठेवून गप्प घरी गेलो असतो तर निकिताला काय तोंड दाखवलं असतं?"

"बरोबर केलंत सर."

गाडी गेली. धुरळा बसला. रेणुका तिथंच बसून राहिली आणि चारही शब्द तिनं बोटानं तळहातावर एकेक अक्षर करून लिहिले. पी आहे. एच आहे. वाय आहे. चारही शब्दांत आहेत. निकिता खरं बोलत होती.

मग तिनं निकितानं फळ्यावर लिहिलेला शब्द तळहातावर लिहिला. फोटोसिंथेसिस. पानं सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, हे शिकलेल्या कुठल्याही मुलीला पी, एच, वाय म्हटलं की हाच शब्द पहिल्यांदा आठवणार. निकितालाही तोच आठवला. मग अपेक्षा त्याचंच अवघड, कुणी सहसा न वापरणारं रूप घोळवत होती आणि हा सोपा शब्द मात्र तिच्या तोंडी एकदाही आला नाही, असं का?

रेणुकानं दोन्ही शब्द पुन्हा लिहिले. एकाखाली एक. फरक कशात आहे ते बघायला लागली, आणि तिचं बोट मध्येच थांबलं.

पाठ केलेल्या चारही शब्दांत आणखी एक अक्षर होतं. सी. 'फोटोसिंथेसिस'मध्ये ते नव्हतं.

आणि डब्यातून सी निघालंच नव्हतं.

३

कमलबाई निवृत्त परिचारिका. अर्ध्या ताडकळसला त्यांनी जन्मताना बघितलेलं, त्यामुळे पाहुण्याचा मान दरवर्षी त्यांनाच. रेणुका गेली तेव्हा त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या.

"ये. माझ्यावर शक हाय का तुझा?"

"सगळ्यांवर आहे, मावशी."

"मग बस. शक असला की चहा गोड लागतो."

"ठोकळे काढताना हाताला काही वेगळं लागलं का? खूण, चीर, चिकटपणा?"

"एकसारखी घासलेली लाकडं ती. आणि मला काय कळतंय, डोळ्याला दस्ती!" कमलबाईंनी उजवं मनगट पुढं केलं. त्यावर ओरखडा होता. "ही तुमच्या डब्याची कड. हात आत गेला की कापतीच. म्हणून मी आत चाचपतच न्हाई. वरच्यावर जे हाताला येईल ते उचलायचं नि मोकळं व्हायचं."

"पण कुणी आधीच तीन ठोकळे वर मांडून ठेवले असतील तर?"

कमलबाई मोठ्यानं हसल्या. "मांडून? अगं, नऊ गावाच्या माणसांनी हलवलाय तो डबा! तू तिथं नव्हतीस का?"

रेणुका होती. ही या स्पर्धेची जुनी रीत होती. सुरुवातीच्या एका वर्षी भांडण झालं होतं म्हणे, तेव्हापासून ठरलं: स्पर्धेला जेवढी गावं, तेवढ्यांच्या माणसांनी पुढं येऊन डबा दोन्ही हातांनी धरायचा आणि मनाचं समाधान होईपर्यंत वरखाली हलवायचा. त्याला 'डब्याला हात देणं' म्हणत. परमेश्वर सरांनीही दिला होता, आणि जरा जास्तच जोरात दिला होता. त्यानंतर कुणी मांडलेलं काही जागेवर राहणं शक्यच नव्हतं.

म्हणजे चावीचा प्रश्न मिटला. कपाट कुणीही उघडलं असतं तरी उपयोग शून्य.

उरली ती अपेक्षा. तिचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं. दारात तिची आई धम्मशीला तूर निवडत होती आणि धाकटा भाऊ सायकलच्या टायरशी खेळत होता.

"जय भीम, मॅडम. या." धम्मशीलाबाईंनी सतरंजी टाकली. "पोरीनं कालपासून... न्हाई, दुपारपासून तोंडात पानी घेतलं न्हाई. तिनं चोरी केली असंल तर तसं सांगा. मीच तिला उभी करते सगळ्यांपुढं. पण न्हाई केली तर तेबी सांगा."

"बघते मी, ताई."

"लवकर बगा. मुकादम विचारायलाय, दिवाळीनंतर किती जण येता म्हणून. लेकरू सांभाळायला म्हणून ती लहानपणापासून आमच्या मागं येती ऊसतोडीला. आता मुकादम म्हणतो, पोरगी मोठी झाली, कोयता द्या की तिच्या हातात." त्यांनी सुपातले खडे बाजूला फेकले. "जागा मिळाली तर ती शिकंल. न्हाई मिळाली तर मग दुसरं काय हाय आमच्याकडं?"

अपेक्षा आत भिंतीला टेकून बसली होती. रेणुका तिच्या समोर बसली.

"मी चोरी न्हाई केली, ताई."

"शब्द पाठ करत होतीस?"

"हो."

"पी, एच, वाय निघणार हे माहीत होतं?"

"न्हाई!"

"मला पटतं," रेणुका म्हणाली. "माहीत असतं तर तू 'फोटोसिंथेसिस' सोडलं नसतंस. तीनच अक्षरं लागणार हे ठाऊक असलेला माणूस चौथ्या अक्षराचं ओझं कशाला वाहील? तू सी धरून बसली होतीस. चारही शब्दांत सी."

अपेक्षाचा चेहरा उतरला. ती आईकडं बघून एकदम दबक्या आवाजात म्हणाली,

"तुमाला सीचं कसं कळलं?"

४

तिला चार अक्षरं ठाऊक होती. सी, एच, पी आणि वाय. कुणी सांगितली नव्हती. सकाळी अभ्यासिका उघडल्यावर झाडून काढायचं आणि मग मुलं जमली की डबा घेऊन सराव करायचा, हे तिचं रोजचं. सराव करता करता तिच्या लक्षात आलं की ही चार अक्षरं जरा जास्तच येतात. रोज नाही, पण इतरांपेक्षा जास्त. गावोगावच्या फेऱ्यांत तर हमखास. यंदा चुडाव्याला त्यातली दोन आली होती. पूर्ण्याच्या फेरीत तिन्ही त्यातलीच.

"मग मी आईच्या मोबाइलवर ही चार अक्षरं टाकली. चारी अक्षरं असलेले लांब लांब शब्द त्यानं काढून दिले. पाठ केले. चारातली कोनची बी तीन आली तरी माझा शब्द चालनारच."

"एकच आलं असतं तर?"

"तर मग बसले असते डोकं खाजवत, सगळ्यांसारखी."

रेणुकाला हसू आलं, ते तिनं दाबलं. "मग दुपारी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? डबा मला ओळखतो म्हनून? हीच चार कामून येतात, ते मलाच म्हाईत न्हाई. चावी माझ्याकडं. कोन मानलं असतं?"

तिचं बरोबर होतं. रेणुकालाही मानायला पुरावा हवाच होता. पाहुण्यानं डोळे बांधून काढलेल्या, नऊ गावांनी हलवलेल्या डब्यातून चार अक्षरं पुन्हा पुन्हा का वर यावीत? अक्षराला अक्षर म्हणून डबा ओळखत नाही. म्हणजे त्या चार लाकडांत काहीतरी असणार.

ती नागसेन सरांकडे गेली. सर ओट्यावर बसून होते, समोरचा चहा गार झालेला.

"सर, सी, एच, पी, वाय. या चार ठोकळ्यांचं काही वेगळं आठवतं का?"

"वेगळं म्हणजे... ते नवीन आहेत. गेल्या वर्षी चुडाव्याची फेरी आटोपून रेल्वेनं परत येत होतो. गाडीत चढताना माझ्या हातातला ठोकळ्यांचा डबा निसटला. ठोकळे फलाटावर. पोरं गोळा करायला धावली, पण गाडीनं शिट्टी दिली. चार रुळांत गेले ते गेलेच." सर क्षणभर जुन्या आठवणीत हसले. "मुंजाजीकडून दुसरे करून घेतले. रंग, पॉलिश सगळं जुन्यासारखंच. कुणाला ओळखू येत नाहीत."

मुंजाजीकाका सुतार. दुकान बाजाराच्या चौकात. रेणुकानं विचारलं तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला नाही.

"केलते की चार. सरांनी घाईनं सांगितलं. कुणाच्या तरी दाराच्या चौकटीचं लाकूड उरलतं, त्यातूनच काढले."

"मापाला जुना ठोकळा दिला होता सरांनी?"

"दिलता. लांबी-रुंदी तशीच ठेवली. जाडीला थोडे भरलेत. तासत बसलो असतो तर त्या दिवशी मिळाले नसते." मुंजाजीकाकांनी डोळे बारीक केले. "कामून? कुणी नावं ठेवायलंय का?"

"नाही काका. उलट आता कुठं एकेक गोष्ट जुळायलीय," असं म्हणत रेणुका वळली आणि जवळजवळ पळतच कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे निघाली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल पुन्हा भरला. त्याआधी नागसेन सरांनी रेणुकाला दारातच गाठलं. तिनं त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि रात्रभर सर ते मनात घेऊन बसले होते, हे डोळ्यांवरून दिसत होतं.

"कपाट कुणी उघडलं नाही. अक्षरं कुणी फोडली नाहीत. हे खरं ना?"

"खरं."

"मग तेवढंच सांग. तक्रार तेवढीच होती. पुढचं कुणी विचारलेलं नाही." सरांनी आवाज आणखी खाली आणला. "रेणुका, ती पोरगी ऊस तोडायला जाईल."

रेणुका हॉलकडे वळली. आत जाताना तिचं लक्ष शेवटच्या रांगेत गेलं. धम्मशीलाबाई धाकट्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या रांगेत निकिता. दोघींनाही खरं काय ते ऐकायचं होतं, आणि ते एकच होतं.

टेबलावर डबा ठेवून ती बोलायला लागली. निकितानं ऐकलेले शब्द, चारही शब्दांत असलेला सी, सोडून दिलेला सोपा शब्द.

"ज्याला निकाल ठाऊक आहे, तो निकालापुरतंच पाठ करतो. अपेक्षाला निकाल ठाऊक नव्हता. तिला कल ठाऊक होता. डब्याचा कल."

"डब्याला कसला कल?" मागून कुणीतरी म्हटलं. "निवडणुकीला उभा हाय का?"

हशा पिकला. रेणुकानं कॉलेजातून आणलेला, जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर वर धरला, सव्वीस ठोकळे एकेक करून त्यात घातले आणि चार बाजूला काढले. उघड्या डोळ्यांना कळू नये इतकाच फरक, पण होता.

"हे चार जरा जाड आहेत. आता बघा." तिनं चारही ठोकळे डब्याच्या तळाशी ठेवले, वर उरलेले ओतले. "सर, द्या हात."

परमेश्वर सर पुढं आले. त्यांनी डबा धरून वरखाली हलवला. मग चुडाव्याच्या माणसानं, मग पूर्ण्याच्या. गावांमागून गावं येत गेली. शेवटी रेणुकानं डबा कलता करून सगळ्यांना आतलं दाखवलं. सगळ्यात वर वाय होतं, त्याला खेटून सी. पी अर्धवट बाहेर डोकावत होतं. एच तेवढं अजून मधेच कुठंतरी होतं.

"हलवलं की ठोकळे क्षणभर एकमेकांपासून सुटतात. खाली फट पडते. त्या फटीत लहान ठोकळा चटकन घसरतो. जाड ठोकळ्याला पुरेल एवढी फट क्वचितच पडते, म्हणून तो खाली जात नाही, उचलला जातो तो वरच राहतो. कमलमावशींचा हात कडेमुळं आत जात नाही, त्या वरचेच उचलतात. सरावाला डबा थोडा हलतो, म्हणून तिथं कल थोडा. अंतिम फेरीत नऊ गावं हात देतात, म्हणून तिथं सगळ्यात जास्त."

परमेश्वर सरांनी वरचा वाय उचलून अंगठ्यानं चाचपला.

"म्हणजे," परमेश्वर सर सावकाश म्हणाले, "लबाडी होऊ नये म्हणून आपण जे करत आलो..."

"त्यानंच डबा वाकडा झाला. जेवढा इमानानं हलवला, तेवढा जास्त."

कमलबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "आन् सरांनी तर लोणी काढायचं असल्यासारखा घुसळला होता!"

परमेश्वर सरही हसले. मग ते अपेक्षासमोर जाऊन उभे राहिले. "पोरी, तुझ्यावर शक घेतला, तो भरल्या सभेत घेतला. म्हणून भरल्या सभेतच परत घेतो. चूक झाली."

टाळ्या सुरू झाल्या. नागसेन सरांनी हार उचलला. इथंच थांबता आलं असतं. रेणुकानं क्षणभर थांबूनही पाहिलं.

"सर, अजून एक राहिलंय," ती म्हणाली. "हा डबा वर्षभर ताडकळसला असतो. सराव याच्यावर होतो तो फक्त इथल्या मुलांचा. बोरीच्या मुलीला हा कल ओळखायची संधीच नव्हती."

नागसेन सरांच्या हातातला हार तसाच राहिला. कुणीतरी "आता हे कशाला?" म्हणालं. निकिता मान खाली घालून बसली होती. अपेक्षानं एकदा मागं, आईकडं पाहिलं. धम्मशीलाबाईंना अर्धंच समजलं असावं, पण त्यांनी नजर हटवली नाही.

"परत काढा," अपेक्षा म्हणाली.

"काय?"

"अक्षरं परत काढा. आत्ताच. मला तशी नको जागा." तिनं डबा रेणुकाकडं सरकवला. "न्हाई तर जल्मभर म्हनतील, डब्यानं दिली."

६

मुंजाजीकाकांना दुकानातून बोलावलं. हॉलच्या पायरीवर बसून त्यांनी चारही ठोकळ्यांवर रंधा मारला. "आधीच सांगायचं ना की इंग्रजीला माप लागतं," ते कुरकुरले. रेणुकानं सव्वीसच्या सव्वीस ठोकळे पुन्हा मोजले आणि नागसेन सर समाधानानं मान हलवेपर्यंत कॅलिपर खाली ठेवला नाही. डब्याची कड कुणीतरी चिंधीनं बांधून काढली. या वेळी कमलबाईंचा हात कोपरापर्यंत आत गेला.

बी. एन. आर.

शिट्टी वाजली. दोन्ही मुली एकमेकींकडे पाठ करून आपापल्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. अपेक्षाचा खडू हलेना. पाठ केलेलं सगळं निरुपयोगी. निकितानं मात्र विचार करून एक एक अक्षर काढायला सुरुवात केली. 'नेबरहूड', शेजारपाजार. तिच्या पुस्तकात होता तसा, यू घालून, तेरा अक्षरं. लिहून झाल्यावर तिनं तो पुसला नाही, पण आणखी लांब शोधत ती ओठ चावत राहिली.

रेणुकाला बसवेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आपण काय करून बसलो, याचा विचार न करायचा प्रयत्न करत राहिली.

अपेक्षानं डोळे मिटले. ओठ हलले. मग तिनं लिहिलं, 'रिस्पॉन्सिबल'. जबाबदार. आर होतं, एन होतं, बी होतं. अकराच अक्षरं. मागच्या रांगेतून कुणीतरी "च्च" केलं. ती मागं सरकली, शब्दाकडं असं बघत राहिली जसं एखाद्या अर्धवट बांधलेल्या भिंतीकडं बघावं. मोबाइलवरच्या लांबलचक शब्दांशी आठवडेच्या आठवडे घालवून तिला एक कळलं होतं, की इंग्रजी शब्द पुढून फारसा वाढत नाही, शेपटाकडून वाढतो. तिनं ओल्या बोटानं शेवटची दोन अक्षरं पुसली. शेपूट बदललं. 'रिस्पॉन्सिबिलिटी' झालं. चौदा. पुन्हा मागं सरकली. पुन्हा शेवटचं अक्षर पुसलं आणि एकाचे अनेक केले.

शिट्टी.

मोजायला परमेश्वर सर गेले, कुणी न सांगता. निकिताचा शब्द मोजला. मग दुसऱ्या फळ्यावर एकेका अक्षराखाली बोट टेकवत ते मोठ्यानं मोजू लागले. तेराच्या पुढं बोट गेलं तेव्हा हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली, पण ते थांबले नाहीत. शेवटच्या अक्षरापर्यंत गेले.

"सोळा," ते म्हणाले, आणि निकिताकडं बघून जरा थांबले. "सोळा आहेत, बाळ. बरोबर आहेत."

निकितानं हातातला खडू ठेवला. तिचे डोळे भरले होते. ती अपेक्षाजवळ गेली. "त्या मोबाइलमधलं मलाबी दाखव," एवढंच म्हणाली. अपेक्षानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या दोघींच्या मागं उभे राहून परमेश्वर सर नागसेन सरांना हळू आवाजात विचारत होते, वसतिगृहवाले आणखी एक जागा वाढवतील का, एकदा दोघं मिळून जाऊन बोलायचं का. नागसेन सर म्हणाले, उद्याच जाऊ.

गर्दी कमी झाल्यावर धम्मशीलाबाई फळ्यासमोर आल्या. पोराला कडेवर घेऊन त्या लांबलचक शब्दाकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या.

"काय लिवलंय म्हनायचं हे?"

"जबाबदाऱ्या," अपेक्षा म्हणाली.

"बया! ह्या तर आपल्याकडं कवाच्याच हायेत. त्या लिवून दाखवल्या की जागा भेटती व्हय?" त्या रेणुकाकडं बघून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग त्यांनी धाकट्याला बहिणीकडं दिलं, कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि दाराशी, उजेडात गेल्या. पलीकडून उचलायला वेळ लागला. हॉलमधली सगळी माणसं खुर्च्या उचलायचं थांबवून ऐकत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मुकादम, धम्मशीला बोलायलीय. तुमी विचारलंतं ना किती जण येता म्हनून. लिवून घ्या. लेकराला त्याच्या मावशीकडं ठिवतोय. औंदा आमी नवराबायको दोघंच."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरगी येनार न्हाई."